टाकीच्या आतला हात

सोमवार, २९ सप्टेंबर २०२५
लागली बाई एकदाची नोकरी! चाकणजवळच्या निघोज्यातली कंपनी, गाड्यांचे सुटे भाग करणारी. पाणी तपासायचं काम माझं. माझा धाकटा भाऊ नागसेन इथेच मेंटेनन्सला आहे. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच, आता एकाच खोलीत राहू. रोज ‘साक्षीताई, भाजी काय’ ऐकायचं.

यंत्रं गार ठेवणारं पाणी एका मोठ्या लोखंडी टाकीतून फिरतं. टाकीत स्टीलच्या पट्ट्या टांगायच्या, आठवड्याने चिमट्याने काढून त्यांच्यावर बसलेला थर तपासायचा. जंतू आधी नुसते टेकतात, मग चिकटतात, मग स्वतःभोवती बुळबुळीत थर घालून वस्तीच करतात. औषधालाही दाद देत नाहीत. मी म्हटलं, आमच्या आत्याबाईंसारखंच, दोन दिवसांसाठी येतात आणि चार महिने हलत नाहीत. टाकीवरचे जुने ऑपरेटर कोंडीरामकाका पोट धरून हसले. पण पट्टीला बोट लावायचं न्हाई म्हणाले, माणसाचं बोट लागलं की थर तिथंच आधी धरतो.

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. आमच्या घरी ही पूजा नसते, पण कंपनीतले पेढे सगळ्यांचेच. यंत्रांना झेंडू, नारळ, हळदकुंकू. टाकी नुकतीच धुऊन रिकामी केलेली. पोरांनी बाहेरून हळदीचे पंजे उठवले. नव्या माणसाचा मान म्हणून मलाही ओढलं. नागसेन म्हणाला, ताई, तू आतून उठव, तिथं कुणी पुसणार नाही. एवढी शिकलेली मी, झाकणातून वाकून दिला उठवून! कोंडीरामकाका केवढ्यांदा ओरडले: आत न्हाई! आत दिलेला हात टाकी ठेवून घेती. सगळे हसले. मीही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
गुरुवारी सुट्टी असते, पाणी दिवसभर उभं राहिलं की वास मारतं. आज मारत होतंच. बॅटरी मारून पाहिलं तर आतल्या भिंतीवर पंजा तसाच. टाकी भरल्यावर हळद केव्हाच धुऊन गेली, त्या जागी करड्या चिकट थराचा पंजा. लांब दांड्याच्या ब्रशने घासला, क्लोरीन वाढवलं. चूक माझीच होती, निस्तरली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
परत आला. आता मनगटासकट.

पट्टी काढली, चिमट्यानेच काढली, आईशप्पथ. तिच्यावर अंगठ्याचा ठसा. शाईने माझा उठवून शेजारी ठेवला. रेष न् रेष तीच. काकांना दाखवलं तर एवढंच म्हणाले, भावाला टाकीत उतरू देऊ नको.

शनिवार, ११ ऑक्टोबर
हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. दुसराही नाही. भिंगाखाली बोटं धरली. रेषा नाहीत. एकही नाही, सगळं गुळगुळीत. रोज चार वेळा घासते हात, तरी चिकट लागतात. मला भीती वाटते. कुणाला काय सांगू?

मंगळवार, १४ ऑक्टोबर
भिंतीवर आता खांदा आहे. मान आहे. केसांसारखं काहीतरी पाण्याबरोबर हलतं.

ऑफिसातून सांगितलं, मशीनमध्ये माझी नऊ तारखेची हजेरी लागलीय. नऊ तारखेला गुरुवार होता. कंपनी बंद होती —

मेंटेनन्सच्या मधुसूदनसाहेबांनी ठरवलं, येत्या गुरुवारी टाकी उपसून आतून खरवडायची. उतरणार नागसेन. भांडले, रडले त्याच्यापुढे. वेडी झालीस का म्हणाला. शेवटी कबूल झाला, नाही उतरणार.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
चाकणला कातडीच्या डॉक्टरांकडे आले होते. परतताना बस चौकात अडकलीय. अर्धा तास जागची हललेली नाही.

नागसेनचा फोन. कंपनीतून. तूच बोलावलंस म्हणून आलो, म्हणतो. मी कुठे — मी नाही —

म्हणतो, ताई, टाकीत कशाला उतरलीस? हात वर करून उभी आहेस नुसती. थांब, शिडी लावतो, ओढून घेतो.

ओरडायला गेले. आवाज नाही. जीभ टाळूला — तोंडभर बुळबुळीत —

फोन चालूच आहे. त्यातून माझा आवाज. नाग्या, ये, म्हणतोय.

शेजारच्या सीटवरच्या ताई, हे वाचा. मला बोलता येत नाही. हा फोन घ्या. माझ्या भावाला सांगा ती मी नाही. त्याला सांगा तिला हात देऊ न—