साखर काहून उतरत नव्हती

नाशिक

मंजूच्या बाबाले,

रुख्मिणीचा लेकीच्या घरून नमस्कार. मी बरी हाय. अक्षर वाकडं आलं तं हसू नका, एकाच डोळ्यानं लिवून राह्यली. फोनवर बोलली असती, पण इथं सगळ्यायले आयकू जाते.

डोळ्याचं ऑपरेशन अजून झालं नाई. साखर उतरल्याबिगर डॉक्टर हात लावत नाईत. गोळ्या घेते, कोरडी भाकर खाते, तरी उतरेना. मंजूले वाटलं, आई चोरून गोड खाते. तिनं गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. लेकीच्या घरी कायले भांडू?

मंग डोळ्याच्या डॉक्टरनंच दाताच्या डॉक्टरकडे धाडलं, त्यानं तोंड पाह्यलं. हिरड्यायत पू हाय म्हणे, त्याच्यानंही साखर चढती राह्यते, अन् साखरेनं हिरड्या अजून बिघडतात. रगत येते म्हणून मी ब्रश सोडून मिश्री लावत होती, तेच चुकलं. आता हिरड्या आतून साफ केल्या. गोळ्या चालूच हायत, पण साखर थोडी उतरली. मंजूनं डबा गुपचूप ओट्यावर आणून ठेवला.

बकरी व्याली काय?

एक आयका. तुमीही सकाळी काडीनं दात घासता तवा लाल थुकता, अन् उष्णता हाय म्हणता. रात्री पाण्यासाठी घडीघडी उठता. मालेगावले जाऊन साखर तपासा. थुकलं का तुमी पायानं त्याच्यावर माती लोटत होते. तवा मले दोन्ही डोळ्यायनं दिसत होतं.

तुमच्या घरची,
रुख्मिणी