कोठाराचे पाच मालक

कर्वेनगर, पुणे ५२
९ मार्च २००९

प्रिय बद्रीनाथ,

सप्रेम जय भीम. तुझी तब्येत बरी असेल, पाठीचं दुखणं आटोक्यात असेल आणि वहिनी व दोन्ही मुली खुशाल असतील असं धरून चालतो (मुली दोनच ना? मधल्या सोळा वर्षांत भर पडली असल्यास तिलाही आशीर्वाद). इकडे आम्ही ठीक आहोत. मला साखर निघाली आहे, उल्काच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, त्यामुळे हल्ली घरातली माणसं घरातच असतात. तुझा अंबाजोगाईचा पत्ता तुझ्या शैलाताईंकडून मिळवला. तीन वेळा त्यांच्या दारात गेलो, तिसऱ्यांदा त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाल्या, "फोन करू नका, तो ठेवून देईल. पत्र लिहा. तो पत्र फाडतो, पण वाचून फाडतो." तेव्हा फाडण्यापूर्वीच्या या मुदतीत जमेल तेवढं सांगून घेतो.

आपलं कोठार आता मरायला टेकलं आहे, हे कळवायचं होतं. तू गेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे तुला कोणी सांगितलं नसणार, आणि तूही विचारलं नसणार. गिरणीच्या वरच्या त्या दोन खोल्यांत आपण ते लिहीत होतो तेव्हा (फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्यावरचं ज्वारीचं पीठ फुंकरावं लागे, आठवतं ना?) आपल्याला वाटत होतं की माणसांच्या याद्या ठेवणारं, मराठी अक्षरं ओळखणारं असं सॉफ्टवेअर दुसरं नाही, म्हणजे उद्या दवाखाने, शाळा, पतपेढ्या आपल्या दारात रांग लावतील. रांगेत एकच माणूस आला, कात्रजच्या अलीकडच्या रक्तपेढीचा. एकोणनव्वद साली आपण त्यांच्या रक्तदात्यांची यादी कोठारात भरली. मग एक्क्याण्णव साल आलं, देशाची दारं उघडली आणि त्या दारांतून सगळ्यात आधी आपल्यापेक्षा चांगली सॉफ्टवेअरं आत आली.

पहिले मालक आपण दोघं, दुसरे आप्पासाहेब. तू त्यांच्याकडे तीनच महिने टिकलास, त्यामुळे तुला त्यांची पुरती ओळख झाली नाही. धायरीची जमीन प्लॉट पाडून संपल्यावर आप्पासाहेबांना कोणीतरी सांगितलं की आता जमिनीनंतर सॉफ्टवेअरच. त्यांनी ते मनावर घेतलं. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, त्याच्या पाकळ्या पंख्यात अडकल्या आणि आम्ही दोन दिवस फुलं वेचत बसलो. यंत्र नीट चालतं का हे बघायला त्यांनी आपली सगळी भावकी त्यात भरायला लावली, आणि छापील यादी हातात पडताच त्यांचा चेहरा उतरला. "ह्यो अंकुश माझ्या आधी कसा?" मी म्हटलं, अ आधी येतो, मग आ. "मग आ आधी घ्या की. कोठार कुनाचं हाय?" मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून कोठारात आ आधी येतो आणि अ मागून, आणि पुढच्या तीन मालकांनी ते तसंच विकत घेतलं. माणूस मात्र मनाचा चांगला होता. वर्षानुवर्षं एकही नवं गिऱ्हाईक आलं नाही, तरी आम्हाला कधी जा म्हणाले नाहीत. रोज विचारायचे, "काय म्हनतंय आपलं कोठार?" आणि मी "शांत आहे" म्हटलं की समाधानानं मान हलवायचे, जणू गोठ्यात गाय शांत आहे. ते गेले तेव्हा तेराव्याला गेलो होतो. पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर अंकुशराव बसलेले होते.

त्यांच्या मुलानं नव्व्याण्णव साली कोठार हैदराबादच्या एका कंपनीला दिलं. त्या कंपनीला कोठार नको होतं, माणसं हवी होती. दोन हजार सालाच्या गोंधळात जगभरची यंत्रं बंद पडणार होती म्हणे, त्यासाठी अमेरिकेला पाठवायला जो कीबोर्डासमोर बसू शकेल तो चालत होता. धायरीच्या ऑफिसातले बाकीचे सहाच्या सहा जण गेले. मी राहिलो, कारण कोठार समजणारा मी एकटाच होतो आणि तसं त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. (आयुष्यभर आपल्याला वाटतं की आपल्यावाचून कोणाचं अडावं. एकदा अडून बघ.) दोन हजार साल उजाडलं, काहीही बंद पडलं नाही, आणि चार वर्षांनी हैदराबादवाल्यांनी आम्हाला, म्हणजे कोठाराला आणि मला, एका अमेरिकन कंपनीला विकलं.

हे चौथे मालक. त्यांनी मला हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसवलं. जायला दीड तास, यायला पावणेदोन. फोनवर ते मला 'उटी' म्हणत. मी थंड हवेचं ठिकाण असल्यासारखा हो म्हणत असे. तिथल्या कागदांत कोठारापुढे एक शब्द लिहिलेला दिसला, 'लेगसी'. मी डिक्शनरी काढली. वारसा! घरी येताना उल्कासाठी चितळ्यांकडून अर्धा किलो बाकरवडी आणली (रांगेत उभा राहून, दुकान बंद व्हायच्या आत). पुढे महिन्याभरानं आमच्या मॅनेजर निकिताला सहज म्हटलं की कंपनीनं कोठाराचा चांगला मान राखला. ती सत्तावीस वर्षांची, स्वभावानं सरळ मुलगी. म्हणाली, "सर, ॲक्च्युअली लेगसी म्हणजे जे काढून टाकायचं असतं, पण अजून कोणाची हिंमत होत नाही, ते." बाकरवडी संपलेली होती.

आता मंदीत चौथ्यांना पाचव्यांनी गिळलं आहे. पाचव्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही, फक्त पत्र पाहिलं. एकतीस मार्चपासून कोठार बंद, त्याचा विभाग बंद, आणि विभाग म्हणजे मी. मला त्याचं तितकं काही वाटलं नाही, असं मी उल्काला सांगितलं आहे.

पण रक्तपेढी अजून कोठारावरच आहे, बद्रीनाथ. आपलं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक. अकरा हजार चारशे दाते. दरवर्षी कंपनीनं नवा किल्लीचा आकडा दिला तरच कोठार उघडावं ही सोय मी केली होती, चोरून नकला होऊ नयेत म्हणून. यंदा आकडा देणार कोणी नाही. तो तयार करणारं यंत्र पाचव्यांनी आल्या आल्या भंगारात घातलं. मूळ कोडच्या फ्लॉप्या धायरीहून हिंजवडीला आल्याच नाहीत. यंत्राची तारीख मागे नेऊन पाहिली, तर ती लबाडी पकडणारा तुकडाही मीच लिहिलेला. उभ्या आयुष्यात मी लिहिलेलं हे एकच काम निर्दोष निघालं.

तू म्हणशील, जुनी यादी गेली तर गेली. मलाही तसं वाटलं असतं. पण नोव्हेंबरात तिथल्या दीक्षाचा फोन आला. दीक्षा तिथली तंत्रज्ञ, यादी आता तीच सांभाळते. एक बाई बाळंत होताना फार रक्त गेलं होतं आणि तिचा गट निघाला बॉम्बे, हजारो माणसांत एखाद्याचाच असतो तो. (पुण्यात जन्मून रक्तगट बॉम्बे, यापरतं दुर्दैव नाही, पण ते असो.) पुण्यात कुठेच मिळेना. कोठारात गटाच्या रकान्याला आपण तीनच अक्षरांची जागा ठेवली होती, तेवढ्यात असला गट मावत नाही, म्हणून तिथले जुने कारकून तो शेऱ्यात आपापल्या मनानं लिहायचे, आणि शेरे शोधता येत नाहीत, छापताही येत नाहीत. एकेक नोंद उघडून वाचावी लागते. दीक्षानं सकाळपासून वाचायला घेतलं. दुपारी एका नोंदीवर थांबली: गेनबा, मुक्काम डोणजे, शेरा, 'रक्त वेगळे आहे, जपून ठेवावे.' माणूस पाठवला. गेनबा शेतातून तसेच आले, पायाला चिखल. त्यांनी अठरा वर्षांपूर्वी एकदा शिबिरात रक्त दिलं होतं. खुर्चीवर आडवे होताना म्हणाले, "मला वाटलं तुमी मला इसरला." बाई वाचली. मूल नाही वाचलं.

असे शेऱ्यात पडलेले गेनबा आणखी किती आहेत ते कोणालाच माहीत नाही. म्हणून तीन आठवडे मी रजा टाकून रक्तपेढीत बसतो. एक नोंद उघडायची, दीक्षानं वाचायची, मी वहीत उतरवायची. एकोणीसशे झाल्या. मुदतीपर्यंत फार तर चार हजार होतील. वाचता वाचता कळतं की कित्येक जण वारलेत, कित्येकांचा पत्ता म्हणजे आता एखादा उड्डाणपूल आहे. त्या नोंदी भरताना आपण दोघं एका स्टुलावर बसायचो, आठवतं?

आणि आता ते लिहितो, जे लिहायला सोळा वर्षं लागली. आप्पासाहेबांशी करार झाला तेव्हा तू काविळीनं ससूनमध्ये होतास. विकायचं नाही, हे तू मला पडल्या पडल्या सांगितलं होतंस. मी विकलं. वर त्या कागदावर 'निर्माता' असा एक रकाना होता, त्यात मी फक्त माझं नाव लिहिलं. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, रकाना लहान होता. हेच मी पुढे सगळ्यांना सांगितलं, उल्कालाही. रकाना लहानच होता. पण तुझं नाव माझ्याहून एका अक्षरानं कमी आहे, आणि माझं अक्षर किती बारीक निघू शकतं हे तू या पत्रावरून बघतोच आहेस. दोन्ही नावं मावली असती. मला एकट्याचं हवं होतं. तेही सहाच वर्षं टिकलं. हैदराबादवाल्यांनी तिथे कंपनीचं नाव घातलं आणि अमेरिकनांनी तो रकानाच काढून टाकला. चुकलो, बद्रीनाथ. तुझ्या आजारपणात चुकलो, हे जास्त वाईट.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. उल्का तुझी आठवण काढते. ती म्हणते, तू होतास तेव्हा मी कमी बोलत असे. प्रकृतीला जप.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. १: कोठारातून सगळी यादी एका झटक्यात बाहेर काढायची सोय आहे, हे तुला सांगायला नको. पण ती मालकाचा परवलीचा शब्द मागते. त्र्याण्णव साली नोकरी सोडण्याच्या आदल्या दिवशी तू स्वतः फ्लॉपी घेऊन रक्तपेढीत गेला होतास, तेव्हा तो घातलास. पाच मालक झाले, पण शब्द कोणालाच ठाऊक नाही, कारण इतक्या वर्षांत कोणाला काही बाहेर काढावंसं वाटलंच नाही. तो शब्द उलट टपाली कळव. सोबत माझ्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस, नुसता शब्द टाक.

ता. क. २: आम्ही प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. तुझ्या आईंचं नाव, शैलाताईंचं, वहिनींचं, गिरणीवाल्याचं, तुझ्या सायकलचा नंबर, कावीळ, ससून, पीठ, सगळं घालून पाहिलं. तीन शब्द चुकले की यंत्र दहा मिनिटं रुसून बसतं (ही सोय तुझी, छान आहे). काल दीक्षा चहाला गेली असताना मी माझं नावही घालून पाहिलं. ते नव्हतं. वाईट वाटलं असं नाही, पण जेवताना उल्कानं विचारलं, काय झालं.

ता. क. ३: शब्द माझ्याविषयी असेल आणि वाईट असेल, तरी संकोच करू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ जसे घातले होतेस तसेच लिही, चुकीचे असतील तर चुकीचेच. पाकिटावर माझं नाव असलं तरी उघडून टाइप दीक्षा करणार आहे, मी बाहेर थांबेन. ती विचारते, शब्द देतील ना ते? मी तिला सांगून बसलो आहे की आपण मित्र आहोत.