तीच ओळ, वीस वेळा

१ ऑक्टोबर, सोमवार

साडेसातला कुलूप लागलं. आज ताईंनी किल्ली दोनदा फिरवली — खटक, खटक. आता संध्याकाळी सहापर्यंत सर, मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

या वहीत पुढून इंग्रजी आहे आणि मागून मी. सर बघणार नाहीत आणि ताईंना माझ्या वहीत डोकवायला वेळ कुठे! तेव्हा इथे मनात येईल ते लिहायचं.

सर म्हणजे ताईंचे वडील. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मार्चमध्ये मेंदूत गुठळी झाली. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. पण एक दिवस पायजम्यावरच चालत जुन्या शाळेत गेले आणि भरल्या वर्गात जाऊन उभे राहिले! पोलिसाने घरी आणून सोडलं. तेव्हापासून त्यांना सांभाळायला मी आणि आम्हा दोघांना सांभाळायला कुलूप. मी आले त्याच आठवड्यात दुसरी चावी हरवली. ताईंनी माझी पिशवी पलंगावर उपडी केली होती. 'गैरसमज करून घेऊ नकोस हं.' नाही केला. पण विसरलेही नाही.

२ ऑक्टोबर, मंगळवार

आमचं गुपित लिहून टाकते. सरांना वाचता येत नाही.

लिहिता येतं, वाचता येत नाही! मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये एकदा ते मन लावून पेपर वाचत होते. बघते तर पेपर उलटा. मी हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षरं दिसतात म्हणे, पण ओळख देत नाहीत. स्वतः लिहिलेली चिठ्ठीही पाच मिनिटांनी त्यांना परकी होते. मात्र मी एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं की शब्द त्यांना लगेच कळतो. म्हणून रोज सकाळी मी मथळे म्हणते — एफ, आय, आर, ई — आणि ते म्हणतात, 'आग. कुठे लागली? पुढे म्हण.' मी डोळे, ते डोकं. दोघांत मिळून एक माणूस पेपर वाचतो.

संध्याकाळी ताईंना बातम्या अशा सांगतात की काही विचारू नका! ताईंना संशयसुद्धा नाही. 'तिला कळलं तर उरलंसुरलंही काढून घेईल माझ्याकडून.'

४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सर वहीत एक ओळ लिहून देतात, मी ती गिरवते. वळणदार, जोडून लिहिलेलं अक्षर. छापील अक्षरांशी त्याचं नातं मला लागत नाही. मी आपली चित्र काढल्यासारखी काढते. इंग्रजी कानाला थोडंफार कळतं, कागदावर नाही. मग अर्थ सांगतात. आज 'सूर्य पूर्वेला उगवतो.' खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. उगवत असेल बापडा.

हॉस्पिटलच्या मदतनीस कोर्सच्या परीक्षेचं बोलावणं अजून नाही. फॉर्म आम्ही दोघांनीच भरला होता — मी प्रश्न अक्षर-अक्षर म्हटले, त्यांनी उत्तरं लिहिली. पत्त्यावर त्यांचंच नाव टाकलं, दारावर पाटी त्यांची म्हणून. परीक्षा एकच, इंग्रजी उतारा वाचायचा आणि उत्तरं द्यायची. पास झाले तर राहायला खोली. आणि खोलीत मुलीला ठेवता येतं!

७ ऑक्टोबर, रविवार

माझा रविवार म्हणजे दोन ते सहा. चार तास. माझी चिमणी बहिणीच्या दारातच बसलेली होती, एक मोजा घातलेला, एक हातात. आठ वर्षांची झाली तरी माझ्या मांडीवरून उठत नाही.

बहिणीने चहा देताना सांगितलं. भावजींची बदली झाली. पुढच्या महिन्यात जायचं, एका दिवसाचा प्रवास. 'चिमणीला नेऊ ना आम्ही, तू कशाला काळजी करतेस?' चांगल्या मनानेच म्हणाली. मी कप खाली ठेवला. आता आठवड्याला चार तास मिळतात. मग वर्षाला किती?

बोलावणं आलंच पाहिजे.

९ ऑक्टोबर, मंगळवार

रखवालदाराने दाराखालून एक पाकीट सरकवलं. जाड, चांगल्या कागदाचं. मी धावत जाऊन उचललं. पाकिटावर सरांचं नाव — तेवढी अक्षरं आता ओळखीची आहेत. म्हणाले, 'फोड. म्हण.' मी म्हणत गेले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. 'पुरे. जाहिरात आहे. भांड्यांचं दुकान.'

मी म्हटलं, आकडे आहेत की खाली. सव्वीस आणि दहा. 'सव्वीस तारखेला सकाळी दहाला दुकान उघडतंय. टाकून दे.'

कसलं टाकतेय! असा कागद कुठे मिळतो? ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली बेतून बसवला. सरांनी चहा तसाच ठेवला आज. बिघडला होता की काय कोण जाणे.

११ ऑक्टोबर, गुरुवार

ओळ लिहायला आज सरांना अर्धा तास लागला. दोनदा पेन खाली ठेवलं. मी अर्थ विचारला तर — 'आज अर्थ नाही. वीस वेळा लिही.'

वीस! मी काय शाळेत मस्ती केली?

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

नवी ओळ नाही. 'कालचीच. वीस वेळा.' वर आणखी, 'माझे काळे बूट पॉलिश कर.' केले. सात महिन्यांत घराबाहेर पाऊल नाही आणि बूट आरशासारखे चकचकीत! कपाटाखाली ठेवायला गेले तर म्हणतात, 'आतून पुसलेस?' मी म्हटलं, आतून कोण बघतंय, सर?

१४ ऑक्टोबर, रविवार

चिमणीने आज माझी परीक्षा घेतली. तिचं पुस्तक पुढे ठेवलं. मी खडाखडा अक्षरं म्हटली — एच, ई, एन. तिने कपाळावर हात मारला, अगदी म्हातारीसारखा. 'अगं आई, त्यांची नावं काय घेतेस! आवाज काढ. एकाला एक चिकटव.' मग हं, ए, न... आणि एकदम कोंबडी! पुस्तकातली कोंबडी चित्रात होतीच, पण ती माझ्या तोंडातून निघाली!! मी एवढ्याने ओरडले की भावजी बाहेर आले.

सहा महिने झाले सरांकडे अक्षरं म्हणतेय. कोंबडी एकदाही निघाली नव्हती.

१५ ऑक्टोबर, सोमवार

'सर, आवाज जोडायला शिकवा मला.'

'आधी अक्षरं पक्की होऊ देत.'

'पक्की झालीत की! झोपेतसुद्धा म्हणते.'

'घाई नको. ओळ लिही.'

तीच ओळ. हात आपोआप चालतो आता, बघावंही लागत नाही. मनात मात्र भुंगा लागलाय. चाळीस वर्षं या माणसाने पोरांना वाचायला शिकवलं. आवाज जोडायचे असतात हे चिमणीला माहीत आहे आणि यांना नाही?

१६ ऑक्टोबर, मंगळवार

कळलं. मला वाचता आलं तर मी जाईन. इतकं साधं.

१७ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पेपर म्हटला, पण ठणाठणा, अंत्ययात्रेची घंटा वाजवावी तसा. दुपारी ते चालताना उजवीकडच्या दाराच्या चौकटीवर आदळले. तिकडचं त्यांना दिसत नाही. कपाळाला बर्फ लावताना माझा राग विरघळला, त्याचाच मग मला राग आला. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! ताईसुद्धा वाईट नाहीत. सकाळी माझ्यासाठी सफरचंद ठेवून जातात. आणि कुलूप लावून जातात.

'बूट पुसलेस?' झोपताना विचारलंच. त्या बुटांचं काय घेऊन बसलेत देव जाणे.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात जे छापील दिसेल त्याच्यावर तुटून पडते. डबे, बाटल्या, इस्त्री, गीझर. हळूहळू, ओठ हलवत. सर समोर असले की तोंड मिटून. चोरून वाचतेय! वयाच्या चौतिसाव्या वर्षी. 'साखर' निघाली. 'गरम' निघालं. 'हात लावू नये' याला पाव तास लागला, तोवर चारदा हात लावून झाला होता.

सरांची ओळ मात्र त्यात नाही. त्या वेलांट्यांत अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, काही उमगत नाही. वीस वेळा.

२१ ऑक्टोबर, रविवार

बहिणीकडे खोकी बांधायला सुरुवात झालीय. चिमणीची पुस्तकंही एका खोक्यात. मीच म्हटलं, हे एक वर राहू दे. आम्ही दोघींनी पूर्ण वाचलं, एक पान ती, एक पान मी. माझं पान संपेपर्यंत ती श्वास धरून बसायची. शेवटी म्हणाली, 'आई, बोलावणं आलं का?' म्हटलं, येईल. 'की त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं?'

सहाला परत. ताई आत, मी आत, कुलूप आतून. कुठल्याही बाजूने लागलं तरी आवाज तोच.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

अख्खं वाक्य वाचलं! साबणाच्या पुड्यावर. 'डोळ्यांपासून दूर ठेवा.' मोरीत एकटीच नाचले.

सरांना सांगावंसं वाटलं. या घरात अशी गोष्ट सांगण्यासारखं दुसरं आहे कोण! नाही सांगितली.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर कसंही येतंय आज.

दुपारी ओला चमचा ड्रॉवरमध्ये टाकला गेला. कागद भिजला म्हणून काढला. मोठी अक्षरं समोर आली आणि ओठ आपोआप हलले. हॉ... स्पि... टल.

ओट्यापाशी खाली बसले. आवाज जोडत गेले. काही शब्द डोक्यावरून गेले, पण जे कळायचं ते कळलं. वाचन. परीक्षा. हे पत्र सोबत आणा. आणि ते दोन आकडे, जे मला तेव्हाही वाचता येत होते. सव्वीस. दहा. उद्या!

मी कागद सरांच्या पुढ्यात आपटला. 'हे भांड्यांचं दुकान?'

त्यांना तो वाचता आला नाही. पण त्यांनी विचारलंही नाही कुठला कागद म्हणून. बराच वेळ टेबलाची कड चाचपत होते. मग म्हणाले, 'तू गेलीस की मी अक्षरशत्रू.'

'आणि माझी मुलगी, सर?'

'वही वाच.'

'काय?'

'तुझी वही. वाच.' आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. थट्टा करतात माझी! मी वही भिरकावली, ती पलंगाखाली गेली. आत्ता लिहायला म्हणून काढलीय.

ताई आल्या तेव्हा विचारलं, उद्या सुट्टी द्याल का, सकाळी फक्त. पर्समधली किल्ली काढता काढता म्हणाल्या, 'उद्या? अगं, उद्या मला नाहीच जमणार. आधी सांगायचं ना.' आधी! सांगून तरी काय होणार होतं? पहाटे ती किल्ली घेऊन सरळ चालू पडावं, असंही मनात आलं. मग सरांजवळ कोण? आणि नापास झाले तर संध्याकाळी मी कुठल्या दारात उभी राहू?

ताईंना सरांचं काहीच सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. सरांच्या कपाळावरची काळी-निळी खूण दिसली आणि गिळलं.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळचे आठ

साडेसातला कुलूप लागलं. खटक, खटक. करायला काही नाही म्हणून वही घेतली. पुढून. पंधरा दिवस गिरवलेली ओळ, पानंच्या पानं, माझ्याच हातची. एकेक वेलांटी सोडवत बसले, गुंता सोडवावा तशी. ती अशी आहे — 'तुझं बोलावणं आलंय. मी खोटं बोललो. चावी माझ्या काळ्या बुटात आहे.'

डाव्या बुटात, पार पुढे, अंगठ्याच्या जागी. कापडात गुंडाळलेली.

सर टेबलाशी बसलेत, पेपर उलटा धरून. मी तो सरळ केला. म्हटलं, 'सर, बूट घाला. रस्त्यावरच्या पाट्या मी वाचते.'