गप्प ही तिसरी पायरी

३ मार्च
बायकोला बढती. पण दुसऱ्या शहरात. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. तिने विचारलं, काय करू, सांग. म्हणालो, घाई नको, आधी आकड्यांचं मॉडेल बनवतो. रात्री तीनदा उठून पाणी प्यायलो, पण तो डेटा नव्हे.

४ मार्च, सकाळ
जाणं-राहणं तिच्या मूडवर ठरणार. मूडच्या चार पायऱ्या: चिडलेली, धुसफुसणारी, गप्प, खूश. पायऱ्यांना क्रम आहे, म्हणून ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे चढत्या पायऱ्यांचं संख्याशास्त्र. मी चहा केला, वेळेवर घरी आलो, तर ती वरच्या पायरीवर जाण्याची शक्यता किती वाढते, हे आकड्यात कळेल.
उद्यापासून चहा मी करणार.

७ मार्च
चहा राहिला. ती ओरडली, मी काय भिंतीशी बोलतेय? नोंद: चिडलेली. डेटा छान येतोय.

११ मार्च
आज अवाक्षर नाही. जेवली, पुस्तक घेऊन बसली. एकदम दोन पायऱ्या वर! तेही चहाशिवाय. चहा मॉडेलमधून काढला.

१४ मार्च
मेहुणीचा फोन. तिला चारही पायऱ्या समजावल्या. म्हणाली, भाऊजी, ताई भांडतेय तोवर आशा आहे. गप्प झाली की संपलं. शिडी उलटी लावलीत तुम्ही.
भावनाप्रधान बाई. एकीच्या मतावरून क्रम बदलत नसतात.

१८ मार्च
सलग गप्प. पुढची पायरी खूश. झोपताना तिने विचारलं, तुला खरंच काही म्हणायचं नाहीये? म्हणालो, अजून थोडा डेटा येऊ दे. ती हसली. नोंद: खूश.

१९ मार्च
माळ्यावरून सुटकेस निघाली. मेहुणीच्या म्हणण्यात तथ्य असावं. मूड सोडला, थेट निर्णयाचं मॉडेल. मल्टिनॉमियल: पायऱ्या नाहीत, नुसते कप्पे, एक पाया धरायचा, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे. राहील, एकटी जाईल, दोघं जाऊ. पाया अर्थातच 'राहील'. 'दोघं जाऊ' असं या घरात अजून कोणी बोललेलं नाही. तो कप्पा काढून टाकला. मॉडेल सुटसुटीत झालं.

२० मार्च
तिने होकार कळवला. दारात म्हणाली, तू 'मीही येतो' म्हणशील, म्हणून इतके दिवस थांबले होते.
सांगणार होतो की तो कप्पा कालपर्यंत होता. टॅक्सी आली.

२१ मार्च
चहा केला. दोन कप झाला.
संध्याकाळची नोंद: घर गप्प.
पायरी रिकामी सोडली आहे.