बोझसू कालव्यावरची नोंद

नुकूस, २४ नोव्हेंबर १९९६

ती. मुकद्दम ओपा यांस,

धाकट्या भावाचा, होलमतचा, सलाम. वि. वि. अक्षर सूनबाई बिबिसाराचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. डोळ्यांचं व्हायचं ते झालं. आता समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. मुलानं मला ताश्कंदहून इकडे आणलं ते बरंच केलं.

एक गोष्ट मात्र जिवाला लागून राहिलीय. सव्वीस हिवाळे मी दर रविवारी बोझसूच्या काठानं, पिठाच्या गिरणीपासून ट्रामच्या पुलापर्यंत बदकं मोजली. बाहेरची तळी गोठली की ती शहरातल्या वाहत्या पाण्यावर येतात. माझी वही आणि दुर्बीण तुमच्याकडेच ठेवून आलोय. बदक आणि कोंबडी यांतला फरक तुम्हाला ताटात आल्यावरच कळतो, हे मी जाणतो. तरी यंदा माझ्याऐवजी जाल का?

थोरल्या बहिणीची माया आहे तशीच असू द्यावी.

होलमत


ताश्कंद, १६ डिसेंबर १९९६

चि. होलमत यास, अ. उ. आ.

आंधळा झालास तरी जीभ शाबूत आहे, हे वाचून बरं वाटलं. तीन रविवार जाऊन आले. नाही तरी घरी कोण वाट बघतंय? वरच्या मजल्यावरची ल्युदमिला सामान विकून रशियाला गेली. आता आमच्या जिन्यात माझ्या एकटीच्याच पावलांचा आवाज येतो.

पुलाजवळच्या चहाखान्यातल्या म्हाताऱ्यांना करमणूक झाली आहे. एकानं विचारलं की ओपा, या वयात पाण्यात नवरा शोधताय का. मी म्हटलं, शोधतेय, पण तुमच्यापेक्षा बदकंच देखणी आहेत. तेव्हापासून तो मुकाट्यानं चहा आणून देतो.

हिरव्या डोक्याचे नर एकेचाळीस, त्यांच्या माद्या अडतीस. शिवाय एक निराळंच बदक आहे. एकटंच असतं. बुटकं, तपकिरी, टोपी गडद, गाल फिकट. बाकीच्यांच्या जवळ जात नाही. हे कोण?

तुझ्या घरी सर्वांना माझी आठवण सांग, आणि मलाही विसरू नकोस.

मुकद्दम


नुकूस, २९ डिसेंबर १९९६

ती. ओपा यांस, सलाम. वि. वि.

तुमचं पत्र बिबिसाराकडून चारदा वाचून घेतलं. गडद टोपी, फिकट गाल म्हणजे मोठ्या लालसरीची मादी असणार. दुसरं एक असू शकतं, सावका. पण ते दुर्मीळ, आणि शहरात मला सव्वीस वर्षांत एकदाही दिसलं नाही. तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका.

तीन गोष्टी बघा. गालावरून आडवा गडद पट्टा जातो का? चोच बुडाशी सुजल्यासारखी आहे का? शेपटी ताठ वर धरतं का? पण मी विचारतोय म्हणून दिसलं, असं करू नका. न दिसल्यास न दिसलं लिहा.

थंडीत फार वेळ उभ्या राहू नका. आपला लोभ आमच्यावर राहावा.

होलमत


ताश्कंद, २१ जानेवारी १९९७

चि. होलमत यास, अ. उ. आ.

रविवारची वाट न बघता रोज गेले. ते बाई बुडी मारतं ते वर कुठे येईल याचा नेम नाही, आणि तोवर दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरते. दोनदा शेपटी पाण्यालगतच होती. तसंच लिहून ठेवलं. शुक्रवारी ऊन पडलं आणि ते पुलाखालीच वर आलं. गालावर पट्टा आहे. चोच दाढ सुजलेल्या माणसासारखी. मग शेपटी उचलली, ताठ, खुंटीसारखी. मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. माणसं बघायला लागली.

होलमत, ही सावका आहे. तू ये.

जिवाला जपून प्रवास कर.

मुकद्दम


नुकूस, १९ फेब्रुवारी १९९७

ती. ओपा यांस, सलाम. वि. वि.

सुखरूप पोचलो. पुलावर बोलायला जमलं नाही, ते आता लिहवतोय. तीन दिवस आपण तिथे उभे राहिलो. दर थोड्या वेळानं मी विचारत होतो, आहे का. आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, नाही. शेवटच्या दिवशी तुमचा आवाज रडवेला झाला होता. मला काहीच दिसत नव्हतं. आहे, असं म्हणून तुम्ही माझी समजूत सहज घालू शकला असतात, आणि खरं सांगतो, मला ते तेव्हा हवंही होतं.

तसं झालं असतं, तर गाडीतच मला शंका आली असती, आणि शुक्रवारची सावकाही मी खोडून टाकली असती. आता ती वहीत राहील. नोंदीपुढे तुमचं नाव लिहा, माझं नाही.

आशीर्वाद असू द्यावेत.

होलमत


ताश्कंद, १० मार्च १९९७

चि. होलमत यास, अ. उ. आ.

नाव लिहिलं. ते डॉक्टरनं लिहिल्यासारखं दिसतंय.

तू गेल्यावर तुझी गादी आठ दिवस गुंडाळली नाही. ऊन वाढलं, तळी मोकळी झाली, बदकं गेली. काल गिरणीपासून पुलापर्यंत चालले आणि पाण्यावर काही म्हणजे काही नव्हतं. चहाखान्यातलेही बाहेर बसायला लागलेत, त्यांना करमणुकीला आता माझी गरज नाही. वहीत कालच्या तारखेपुढे काय लिहू? की पान कोरंच सोडू?

उत्तर लवकर दे.

मुकद्दम


नुकूस, २२ मार्च १९९७

ती. ओपा यांस, सलाम. वि. वि.

शून्य लिहा. पान कोरं असलं, तर त्या दिवशी कोणी गेलंच नाही असं होतं. शून्य असलं, की कळतं, तुम्ही तिथे होतात.

होलमत