हातावरचं दही

सॉमरसेट
१२ मार्च

ती. आईंना,

मीनलचा नमस्कार. गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण तिथे सुश्रुतचे कान असतात, म्हणून पत्र.

चीज डेअरीतली नोकरी पक्की झाली. मध्ये मात्र जाता जाता वाचली. दुधात विरजण घातलं की आंबटपणा हळूहळू चढावा लागतो. भरभर चढला तर चीज भुसभुशीत होतं, चढलाच नाही तर हौदभर दूध वाया. परवा मी पहिल्यांदाच एकटीने हौद लावला आणि मीटरवरचा आकडा हलेना. दूध गोडच्या गोड. माझी पाचावर धारण बसली.

आमच्या मुख्य बाई हेलन, त्यांनी दुसऱ्या जातीचं विरजण घातलं. संध्याकाळपर्यंत दूध मार्गाला लागलं. मग त्यांनी विचारलं, "मीनल, घरी योगर्ट लावतेस?"

हो म्हटलं. विरजणाच्या जिवाणूंना खाणारे विषाणू असतात म्हणे, घरच्या दह्यातून हाताला, कपड्यांना लागून येतात.

"तुझ्याकडूनच आले असं नाही," हेलन म्हणाल्या. "पण खरं बोललीस, बरं झालं. दही तेवढं बंद कर."

तेव्हा आई, तुम्ही बांधून दिलेलं विरजण मी टाकून दिलं. डबी धुताना रडू आलं.

लंडनहून, हॅरोच्या घरून निघाले त्या सकाळी तुम्ही माझ्या हातावर दही घातलंत. सुश्रुत आत टीव्हीचा आवाज वाढवून बसला होता. आपल्याच लेकाला सोडून निघालेल्या सुनेच्या हातावर कोणती सासू दही घालते? त्या दह्याच्या बळावर मी ट्रेनमध्ये बसले. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

हातावर दही घालतात ते माणूस परत यावं म्हणून, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इतके दिवस फोनवर गुडघ्याच्या गप्पा मारत राहिले. आई, मी नांदायला परत येणार नाही. सुश्रुतला मी सांगितलंय. तुम्हाला सांगायला जीभ रेटत नव्हती.

तुमच्याकडचं विरजण मोडू नका. माझ्या हातचं चीज मुरलं की घेऊन येईन, फक्त तुम्हाला भेटायला. दहीभात खाईन. निघताना पुन्हा हातावर दही घाला. कामावर जाताना हात चांगले धुईन.

सून उरले नाही, तरी तुमचीच,
मीनल