एक्केचाळिसावी पाटी

सोमवार, ४

पोचलो एकदाचा. ही वही बायकोने दिली. म्हणाली, लोकांना मारायचे ते टोमणे हिच्यात मारा, लोकांना जरा उसंत मिळेल.

आजारातून उठलेली माणसं हवापालटाला येतात असं हे विश्रांतिगृह. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. टेबल भक्कम, खुर्ची कुरकुरणारी, खिडकीतून हिरवळ दिसते आणि हिरवळीवर चालायची बंदी आहे. घर बांधणारे फ्रेंच बोलणारे होते आणि ‘नाही’ म्हणायची त्यांना भारी हौस असावी. एकूण एक्केचाळीस पाट्या, सगळ्या मनाईच्या. माझं काम, प्रत्येकीचा मजकूर इंग्रजीत आणि आपल्या भाषेत करून द्यायचा; मी सही केली की पेंटर नवी पाटी रंगवतो आणि जुनी उतरते. माझ्या सहीवाचून एकही स्क्रू हलत नाही. इतका मान घरीसुद्धा मिळाला नव्हता.

अर्जात मी ‘फ्रेंच उत्तम’ असं लिहिलं होतं. उत्तम आहे ते संस्कृत. फ्रेंच म्हणजे संध्याकाळचा दोन वर्षांचा वर्ग आणि एक जाडजूड कोश. पण वीस वर्षं कचेरीचा पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाला अज्ञानालाही इस्त्री करता येते.

बुधवार, ६

काम रंगात आलंय. ‘देफाँस द फ्युमे’ म्हणजे नो स्मोकिंग, धूम्रपानास मनाई. ‘इल ए अँतेर्दी’ म्हणजे ‘मनाई आहे’; अशी सुरुवात झाली की समजावं, शाळेतल्या कडक बाई बोलताहेत. ‘प्रियेर द न पा’ म्हणजे हात जोडून नाही म्हणणं. इंग्रजी प्लीज डू नॉट, आपलं ‘कृपया करू नये’. संस्कृताचं एका ‘मा’वर भागत असे. पूर्वीची माणसं ऐकणारी असावीत.

तळघरात धुलाईची खोली आहे. तिथल्या मावशी तीस वर्षं चादरी धुताहेत. मला ‘पंडित’ म्हणतात. आज विचारत होत्या, नाही म्हणायला एवढं शिकावं लागतं का. त्यांची आई नुसते डोळे वटारायची. मी म्हटलं, त्याचंच भाषांतर चाललंय. हसल्या, आणि माझा मळका सदरा मागून घेतला.

शुक्रवार, ८

मॅनेजरबाईंना पाच वाजता यादी हवी होती आणि एक्केचाळिसावी पाटी अडून बसली. ती मावशींच्या खोलीत, बॉयलरमागच्या लोखंडी दारावर. हाताने रंगवलेली, वाफेने काळवंडलेली. पहिला शब्द मनाईचा, पुढचं लागेना. पाटी काढून घासता आली असती. मावशींना विचारता आलं असतं. पण पंडिताने धुणाऱ्या बाईला विचारायचं?

यादीत लिहिलं : नो स्मोकिंग, धूम्रपानास मनाई. कुठेही खपतं. सही केली.

सोमवार, ११

नवी पाटी लागली. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, विडी ओढू नये. त्यांनी पुन्हा विचारलं, एवढंच का, ओ देण्याबद्दल काहीच नाही का. मी कोशासारखं तोंड करून म्हटलं, एवढंच.

त्या स्टुलावर बसल्या. मग सांगितलं. त्या दारामागून त्यांची धाकटी बहीण हाक मारते. बहीण जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांच्या आधी इथे धुलाईला असलेल्या बाईने बजावलं होतं, हाक आली तरी ओ द्यायची नाही, तसं पाटीवरच लिहिलंय. तीस वर्षं पोर हाका मारतेय आणि मी मुकी बसले, असं म्हणून पदराने डोळे पुसले.

मी म्हटलं, नळातली वाफ असेल. जुनी पाटी मला वाचताच आली नव्हती, हे तेव्हाच सांगायचं होतं. वही उचलून वर आलो.

मंगळवार, १२

मावशी कामावर नाहीत. मशीन फिरतंय. लोखंडी दारासमोर त्यांच्या चपला, नीट जोडून. दाराला कडी बाहेरून.

कडी काढून मी आत पाहिलं. भिंतीपासून दारापर्यंत एक हात जागा. विटा. बाकी काही नाही. कडी पुन्हा लावली.

मॅनेजरबाई म्हणाल्या, गावी गेल्या असतील. चपला टाकून? हे मनातच. मी मान डोलावली.

बुधवार, १३

अडगळीतून जुनी पाटी आणली. लिंबू आणि राख लावून घासली. कोश उघडला. दहा मिनिटं लागली.

‘आतून हाक आल्यास ओ देण्यास सक्त मनाई आहे.’

दहा मिनिटं.

मॅनेजरबाईंकडे सांगायला गेलो. त्यांनी चहा दिला, पाट्या सुंदर झाल्यात म्हणाल्या. चहा प्यायलो. परत आलो.

माझा सदरा खुर्चीवर होता. धुतलेला, घडी घातलेला. परवाच ठेवून गेल्या असणार.

गुरुवार, १४, सकाळ

जुनी पाटी मीच पुन्हा लावली. तीन स्क्रू बसले. चौथ्याला हाक आली.

मावशींचा आवाज. रडवा नाही. नेहमीचाच, थट्टेचा. पंडित, म्हणे, खरं काय लिहिलं होतं हो?

स्क्रू हातातून पडला. पळालो.

दुपार

जिन्यावर ऐकू येतं. खोलीत ऐकू येतं. तेच विचारतात. रागावत नाहीत — रागावल्या असत्या तर —

बायकोला पत्र लिहायला घेतलं. तिलासुद्धा ‘काम उत्तम’ असंच लिहिलं. फाडलं.

चार वाजता

मावशींच्या स्टुलावर बसलोय. समोर पाटी. वाचता येते आता, एकेक अक्षर.

पुन्हा विचारताहेत. दमल्यासारखा आवाज. एवढं तरी सांगा, म्हणे, मी चुकले का.

नाही. त्या नाही चुकल्या. हे जगात मला एकट्याला माहीत — आणि गप्प बसून — त्यांना तीस वर्षं जमलं, मला एक दिवस —

कडी आज मी काढलेली नाही. खाली लोंबतेय.

मावशी, ओ —